अप्पाजींच्या निनावी फुलदाण्या

१

एकादशीच्या सकाळी आरतीचं तबक मीनाक्षीबाईंना टाळून पुढं गेलं आणि मला कळलं, गावानं निकाल देऊन टाकला. कुंभकोणमच्या आम्हां मराठी मंडळींच्या विठ्ठल मठात त्या तबकातल्या वाती आजवर त्यांनीच वळल्या. त्या दिवशी मात्र त्यांच्या दोन्ही बाजूंच्या बायका हळूच सरकून बसल्या होत्या. बाईंनी देवाकडे पाहिलं, पदर सावरला आणि पुढचं पद म्हणायला घेतलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

झालं होतं ते असं. मीनाक्षीबाईंचे थोरले भाऊ अप्पाजी, रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर, कार्तिकात वारले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली ही बहीण आणि परदेशी काचेच्या वस्तूंनी भरलेलं एक कपाट, एवढाच त्यांचा संसार. घर आणि कपाट आता पुतण्याकडे गेलं, तिरुच्चीच्या बँकेत असलेल्या कल्याणरामकडे.

अप्पाजी आल्यागेल्याला सांगायचे, "ह्या घरातल्या सगळ्यांत मोलाच्या दोन काचांवर कुणाचंच नाव नाही." कल्याणरामनं कपाट उघडून एकेक वस्तू उलटी करून पाहिली, तर प्रत्येकीच्या बुडाला कारखान्याची खूण. बिननावाच्या दोन फुलदाण्या सापडल्या त्या आत्याच्या देवघरातल्या फडताळात. ह्या माझ्या आहेत, अण्णानं, म्हणजे अप्पाजींनी, मला दिल्या, असं ती म्हणाली. कुणासमोर दिल्या, तर कुणासमोरच नाही.

कल्याणराम तसा वाईट मुलगा नाही, पण बँकेत राहून साक्षीदाराशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही एवढं पक्कं शिकला आहे. काकांच्या येत्या मासिक श्राद्धापर्यंत थांबतो, मग पोलिसांत वर्दी देणार आणि घराला कुलूप लावणार, असं त्यानं चारचौघांत सांगून टाकलं. साठीला आलेली बाई, माहेराखेरीज दुसरं घर नाही, आणि वर चोरीचा शिक्का. मी मठातून निघाले ती तडक आमच्या दुकानात गेले.

२

दुकान म्हणजे चष्म्यांचं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण पाटीवर ठसठशीत लिहिलेलं आहे: सुंदरराव, चष्मे करून मिळतील. बायकोनं नवं लुगडं नेसलं तर ह्यांना दिवाळी उलटेपर्यंत दिसत नाही. भिंगावरचा केसाएवढा ओरखडा मात्र हे रस्त्यापलीकडून ओळखतात. गावात काचेतलं कळणारा दुसरा माणूस नाही, त्यामुळे कल्याणरामही त्याच सकाळी फुलदाण्या घेऊन दुकानात आला होता. सोबत जुन्या वस्तूंचे व्यापारी राधाकृष्ण मुदलियार होते. त्या साली फ्रेंचांनी कारैक्काल सोडलं, तेव्हापासून त्यांनी मागं टाकलेल्या चीजवस्तूंसाठी मद्रासची ही मंडळी आमच्या जिल्ह्यात घिरट्या घालत होती.

फुलदाण्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. वीतभर उंच, जुळ्या, पण हातात घेतल्या तर दगडासारख्या जड. वरची कातडी खरखरीत, खडीसाखरेसारखी, आणि तिच्या आत खोलवर हिरवट धूसर काहीतरी. खाली दुहेरी पाकळ्यांचं कमळ, वर बारीक होत गेलेली कंबर. डोळा काही केल्या त्यांच्यावरून हलेना.

मुदलियारांचं म्हणणं हे कान देऊन ऐकत होते, आणि ते होतंही ऐकण्यासारखं. फुंकून केलेली काच असती तर बुडाला नळी तोडल्याचा व्रण असता, तो नाही. लोखंडी साच्यात दाबलेली असती तर अंगावर सांध्याची रेघ असती, तीही नाही. मग उरतो एकच मार्ग. आधी मेणाची प्रतिमा, तिच्यावर मातीचा साचा, मेण वितळवून काढायचं, पोकळीत काचेचा चुरा भरायचा आणि साच्यासकट भट्टीत घालायचं. ही विद्या फ्रान्सच्या मोजक्या कारागिरांकडे आहे आणि कारैक्काल इथून हाकेच्या अंतरावर. शिवाय बुडाशी एक टवका उडाला आहे तिथली काच पांढऱ्या कागदावर धरून पाहा, आपल्याकडच्या काचेसारखी हिरवी झाक तिला नाही.

ह्यांनी टवक्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "काच विलायतेचीच. त्यात शंका नाही."

मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच बसला असता. काच विलायतेची म्हणजे अप्पाजींच्या कपाटातलीच; मीनाक्षीबाईंचा गळा ह्यांनी स्वतःच्या हातानं आवळला होता. पण ह्यांचं माझ्याकडे लक्ष असेल तर ना. ह्यांनी विचारलं, ही फुलदाणी असेल तर फुलं घालायची कुठं? वरची खळगी इतकी उथळ की जाईची दोन फुलं राहायची नाहीत. बाकी सगळी भरीव. मुदलियार हसून म्हणाले, कलेच्या वस्तूला असले प्रश्न विचारत नाहीत. तेवढ्यात ह्यांना कमळाच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन बारीक भोकं दिसली. ह्यांनी सुई घालून कोरलं तर चिमूटभर काळी माती कागदावर पडली. त्या मातीकडे हे इतका वेळ पाहत राहिले की कॉफी देऊ का हे मी विचारलेलंही ह्यांना ऐकू गेलं नाही.

३

दुपारी आम्ही मीनाक्षीबाईंकडे गेलो. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. ज्या घरातून हाकलल्या जाणार त्या घराचे तांदूळही नीट निवडलेले हवेत, असा त्यांचा स्वभाव. ह्यांनी हळूच विचारलं, अप्पाजींनी दिल्या तेव्हा काय म्हणाले?

"अण्णानं हातांत दिलं अन् सांगिटलं, हें तुझं अहे," बाई म्हणाल्या. "देवाजवळ ठेव, फुलं घालूं नको. त्याचे डोळे भरून आले होते. मज विचारवलं नाही."

अप्पाजींचे हात कधी भाजले होते का, हा ह्यांचा पुढचा प्रश्न. भाजलेले बाईंना आठवत नव्हते. पण दोन्ही तळव्यांवर जुने वण होते हे त्यांनी आपणहून सांगितलं. ते लहानपणचे. बाईंचे यजमान गेले, दहाव्या दिवशी बाईंना कावेरीच्या घाटावर नेलं, तेव्हा अण्णाही मागून आला होता आणि पाण्यात घसरून पडला.

"त्या दिवसाचं मज दुसरं कांही आठवत नाही," त्या म्हणाल्या. "अण्णाचे हात रक्तानं भरले होते, अन् बाबांनी त्यालाच मारलं. पाप, बिचारा अण्णा, तेवढंच आठवतं."

मला तिथं बसवेना. लहान मुलीचा सगळा जन्म त्या दिवशी ठरून गेला, आणि आठवण काय राहिली तर भावाला बसलेला मार.

निघताना हे अंगणात थांबले आणि मान वर करून कंपाउंडची भिंत न्याहाळू लागले. एक मांजर तिच्यावरून डौलात चालत गेलं. ह्यांनी भिंतीला चक्कर मारली, परत आले आणि मला विचारलं, "अप्पाजी आपल्या दुकानातून पिशव्या भरभरून काय न्यायचे?"

मी सांगितलं, भिंगं कापून उरलेल्या काचा. मांजरांचा उपद्रव फार, भिंतीवर बसवायच्या आहेत, असं म्हणायचे. त्यावरून मी त्यांची थट्टाही केली होती.

"ह्या भिंतीवर एकही काच नाही," हे म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही स्वामीमलैला, देवाच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींच्या गावी गेलो. वाटेत ह्यांनी मला मातीचं सांगितलं. कागदावर पडलेली ती चिमूट भाजलेली होती, मैद्यासारखी मऊ होती आणि तिच्यात अभ्रकाचे कण चमकत होते. फ्रान्समधली माती कशी असते ते ह्यांना ठाऊक नव्हतं. पण कावेरीच्या गाळात आमचे पाय रोज बुडतात. आणि ती दोन भोकं? उत्सवमूर्तीच्या पीठाला मिरवणुकीत दांडे अडकवायला असतात तशी, तंतोतंत. फुलदाणीला मिरवणूक कसली? पण ज्याचा हात जन्मभर मूर्तीची पीठं घडवत आला तो कमळ केलं की भोकंही करून मोकळा होतो. देहही भरीव तो त्याचमुळं. पूजेची मूर्ती पोकळ ओतायची नाही, हा तिथल्या धंद्याचा धर्म.

मला एकदम दुकानातला मुदलियारांचा चेहरा आठवला. साचा, मेण, माती, भट्टी, सगळं त्यांनी बिनचूक सांगितलं होतं. हीच विद्या दोन कोसांवर शेकडो वर्षं चालत आली आहे आणि आम्ही तिघं-चौघं शहाणे फ्रान्सचा नकाशा डोळ्यांपुढं आणत होतो. देवाची मूर्ती जिथं होते तिथं दुसरं काही होऊ शकेल, हे आमच्या गावातल्या माणसाच्या मनातच येत नाही.

चौकशी करत आम्ही गाठलेल्या म्हाताऱ्या स्वामीनाथ स्थपतींनी आधी काही ओळख दिली नाही. कुणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी अप्पाजींना दिला होता. ह्यांनी मीनाक्षीबाईंवर काय वेळ आली आहे ते सांगितलं, तेव्हा ते उठले, हात धुतले आणि आमच्यासमोर बसले. तमिळमध्ये जे म्हणाले त्याचा मथितार्थ असा. अप्पाजींनी फ्रान्सची एक वस्तू आणून दाखवली होती आणि असं आपल्याला जमेल का म्हणून विचारलं होतं. दोघं म्हातारे हट्टाला पेटले. किती साचे फुटले, किती काच तडकली. शेवटी भट्टी काच जेमतेम लोण्यासारखी मऊ होईल इतकीच तापवली आणि साचा भाताच्या तुसाच्या राखेत पुरून आपोआप निवू दिला, तेव्हा त्या दोन आख्ख्या निघाल्या. पांढरी काच अप्पाजी पिशवीतून आणत.

म्हणजे मुदलियारांची विलायती काच आमच्या केराच्या टोपलीतून गेली होती. भिंगांची काच आम्हाला जर्मनीहून येते. मला हसू आवरेना.

"आणि आतला हिरवा रंग?" ह्यांनी विचारलं.

एक फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती, स्थपती म्हणाले. ती अप्पाजींनी मला कधी उघडून दाखवली नाही. साचा भरायच्या दिवशी अप्पाजी स्नान करून, उपाशी येत आणि मला बाहेर उभं करत. आत काय ठेवलं ते फक्त त्यांना ठाऊक. मला वाटलं, पाचू असतील.

परतीच्या बसमध्ये मी खुशीत होते, पण ह्यांचा चेहरा उतरलेला. वस्तू अप्पाजींनी केली हे सिद्ध झालं, हे म्हणाले, पण बहिणीला दिली हे कुठं सिद्ध झालं? काकांच्या हातची म्हणजे उलट पुतण्याचा हक्क जास्तच. माझी खुशी तिथंच विरली.

५

ह्यांना युक्ती सुचली ती धंद्यातलीच. भिंगाच्या ओबडधोबड काचेत आत दोष आहे का हे वरून दिसत नाही. ती तेलात बुडवली की तिची खरखरीत कातडी दिसेनाशी होते आणि पोटातलं सगळं उघडं पडतं. मी लोणच्याची मोठी काचेची बरणी घासून दिली, हे कुठूनसं बरणीभर एरंडेल घेऊन आले. आमच्या चौकात ऊन चांगलं येतं. कल्याणराम फुलदाण्या घेऊन आला, पण मुदलियारांना मुद्दामच बोलावलं नाही. बरणीत एका वेळी एकच मावत होती.

ह्यांनी ती हळूहळू आत सोडली. आधी कमळ गेलं. तेलात ते विरघळावं तसं नाहीसं झालं. मग कंबर गेली, मग कंठ. बरणीत काच म्हणून काही उरलंच नाही. आणि त्या सोनेरी तेलात, कशाचाही आधार नसताना, हिरवी वर्तुळं तरंगत होती. एकावर एक, खालपासून वरपर्यंत. प्रत्येक वर्तुळ तुकड्या-तुकड्यांचं, दोन तुकड्यांमध्ये केसभर फट. पण कुणीतरी टोकाला टोक जुळवून ते पुन्हा गोल केलं होतं. मी आजवर पुष्कळ देवळं पाहिली, दिवे पाहिले. माझे हात आपोआप जोडले गेले.

"बांगड्या," मी म्हणाले.

कल्याणराम पुटपुटला की नक्षी असेल. ह्यांनी कागद घेतला, एका तुकड्याची गोलाई नजरेनं मापली आणि कागदावर वर्तुळ पुरं केलं. गोलाईच्या बाबतीत ह्यांची नजर चुकत नाही. मी माझी एक बांगडी उतरवून त्यावर ठेवली. ते वर्तुळ माझ्या बांगडीच्या आत सैल बसलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात.

मग जे कळलं ते ह्यांना नाही, मला कळलं. बांगड्या एकेक करून वाढतात, आणि एकेक नवी चढते. कुठल्याही मुलीच्या हातात जुन्या-नव्याची सरमिसळ असते. सबंध हातभर एकसारख्या बांगड्या एकाच वेळी फुटलेल्या, अशा कधी असतात? आणि त्याही इतक्या लहान मुलीच्या? मी कल्याणरामकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

घाटावर फोडलेल्या बांगड्यांना कुणी हात लावत नाही. त्या घरी आणणं तर लांबच, त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहत नाहीत. एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा त्या पाण्यात उतरला, गाळात हात घालून त्यानं एकूणएक तुकडा वेचला, मुठी आवळून घरी आणला आणि वरून बापाचा मार खाल्ला. आणि मग जन्मभर ते जपून ठेवलं. फुटलेलं पुन्हा गोल कसं करता येईल हे शोधायला त्याला म्हातारपण यावं लागलं.

"पण दोन कशाला?" कल्याणरामनं विचारलं.

"हात दोन असतात रे," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

त्यानं बरणी उन्हात फिरवून पाहिली. मग म्हणाला, हे सगळं तर्कानं जुळतंय, पण तुम्हाला आत्याबद्दल माया आहे. खरं कशावरून? आणि खरं असेल, तर फुटलेल्या बांगड्या इतकी वर्षं देवघरात ठेवल्या हे तिला कोण सांगणार? गाव तिला चोर म्हणायचं थांबेल आणि दुसरं काहीतरी म्हणायला लागेल.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्या बाईचं नाव जात होतं तिलाच विचारायला हवं होतं. मी चपला घातल्या आणि मीनाक्षीबाईंना घेऊन आले.

६

मी त्यांना वाटेतच सगळं सांगितलं. चौकात आल्यावर बरणीच्या दिशेनं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खांबाला टेकून बसल्या. ह्यांनी बरणीवर पंचा टाकला. कल्याणराम मान खाली घालून उभा होता. शेवटी त्यानंच विचारलं, आत्या, ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे ह्या घाटावर फुटलेल्या बांगड्या, अशुभ, तुला ते घरात...

"अशुभ कसलं?" बाई म्हणाल्या. "अण्णानं हातानं धरलं तें अशुभ कसं होईल?"

मला वाटलं, त्या उठून जातील. त्या मात्र आपल्या उघड्या मनगटाकडे पाहत होत्या, आणि अगदी साध्या आवाजात, भाजी कशी झाली सांगावं तसं, सांगू लागल्या.

"त्यांत एक निळी असेल. डाव्या हातांत, मधोमध. पट्टीश्वरमला गेलों होतों. आईनं सगळ्या हिरव्या भरविल्या. मज निळी पाहिजे म्हणून मी मातींत लोळलें. आई रागे भरली, बाबांनी घेऊन दिली. मग तीच फक्त दिसावी म्हणून मी हात असा वर धरून चालत होतें."

ह्यांनी पंचा काढला. बरणीत सगळी वर्तुळं हिरवीच होती. कल्याणरामनं खालपासून वरपर्यंत बोट फिरवून पाहिलं. इतक्या वर्षांपूर्वीच्या एका बांगडीवर आता सगळं येऊन ठेपलं होतं, आणि बाईंना त्याची कल्पनाही नव्हती. त्या परीक्षा देत नव्हत्या, आठवत होत्या.

"दुसरी बुडवायची राहिली आहे," हे म्हणाले. "तूच बुडव."

कल्याणरामनं पहिली काढून ताटात ठेवली. बाह्या सारल्या आणि दुसरी दोन्ही हातांनी धरून तेलात सोडली. कमळ गेलं. खालची वर्तुळं दिसू लागली, हिरवी, हिरवी, पुन्हा हिरवी. कंबर तेलात शिरली आणि ऊन आरपार गेलं, आणि त्या हिरव्या चुड्याच्या मधोमध एक निळं वर्तुळ उजळलं. चार तुकड्यांचं होतं. चारही जागच्या जागी होते. अप्पाजींना ती निळी आठवत होती. ती हिरव्यांच्या मधोमध होती हेही आठवत होतं.

हे, ज्यांना कशाचंच काही वाटत नाही असं मी जन्मभर म्हणत आले, ते चष्मा काढून पुसत उभे राहिले.

कल्याणराम तसाच तेलकट हातांनी आत्याच्या पाया पडला. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या बरणीवर वाकून निळी बांगडी पाहत होत्या.